दुपारची पाळी

पाणी शुद्धीकरण केंद्रात एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची टाप नव्हती. पुढच्या पाळीच्या माणसाने रजिस्टरमध्ये 'चार्ज घेतला' असं लिहून सही केल्याशिवाय आधीच्याने खुर्ची सोडायची नाही. आणि एकदा चार्ज दिला, की मग डोळ्यांदेखत टाकी ओसंडली तरी व्हॉल्व्हला बोट लावायचं नाही. आपला हा ऑपरेटर अकरा वर्षं कायमच्या रात्रपाळीला होता. हा नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता.

नोकरीबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती झोपेची. सकाळी साडेसातला घरी यायचं, जाड काळे पडदे ओढायचे, कानात कापसाचे बोळे घालायचे आणि छताकडे टक लावून पडायचं. शेजारच्यांना भिंतीला भोकं पाडायला नेमका तोच मुहूर्त सापडायचा. अकराच्या सुमारास कुठे डोळा लागतोय, तोवर साडेबाराला मुलगी शाळेतून यायची.

मुलगी नऊ वर्षांची. शाळेत नुकतीच बासरी शिकायला लागली होती. एके दुपारी तिने घरी बासरी वाजवली. हा तडक उठून बाहेर आला, बासरी हिसकावली आणि गुडघ्यावर आपटून तिचे दोन तुकडे केले. मुलगी रडलीसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून ती घरात चवड्यांवर चालायला लागली, आणि बाप समोर आला की नजर खाली. हे त्याच्या काळजाला घरं पाडत होतं. नीट झोप मिळाली तर आपण पुन्हा माणसात येऊ आणि पोर जवळ येईल, एवढीच त्याची आशा होती.

बायकोच्या भावाचं औषधांचं दुकान होतं. त्याने एक छोटी बाटली काढून दिली.

"मेलाटोनिन आहे भावोजी. तुमच्या डॉक्टरांना विचारलंय मी. आणि ही ती गुंगीची गोळी नव्हे हं. हे शरीर स्वतःच बनवतं, अंधार पडला की. तुमचं शरीर बिचारं गोंधळलंय, रात्र कधी होते तेच त्याला कळेनासं झालंय. ही गोळी सांगते, झाली रात्र."

"आणि झाली नसेल तर?"

"तर काय! शरीर थोडंच खिडकी उघडून बघतंय?"

पहिल्याच दिवशी तो आठला आडवा झाला तो थेट चारला उठला. ढाराढूर झोपला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चहा देताना बायको म्हणाली, "नळ छान बसवलात हो. पण झोपमोड करून कशाला उठलात?"

त्याने नळ पाहिला. महिनाभर गळत होता, आता थेंब नव्हता. स्वतःची नखं पाहिली, तर त्यांत काळं वंगण. झोपेत चाललो असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याने मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा गंभीर झाला. "गोळी आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा," म्हणाला.

त्याने थांबवली असती. पण त्या संध्याकाळी मुलगी आपणहून आली आणि त्याच्या दंडाला टेकून उभी राहिली. "बाबा, उद्यापण दुपारी ऊठ हं. तू दुपारी जास्त छान असतोस."

आपण कधी छान होतो, तेच त्याला माहीत नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि आनंद त्याहून जास्त झाला. सकाळी त्याने गोळी घेतली.

मग त्याने जे केलं, ते एखाद्या पाळीवाल्यालाच सुचावं. कामाची माहिती न देता पाळी सोडायची म्हणजे काय? त्याने एक जुनी वही घेतली, रकाने आखले आणि थोडं गमतीनेच लिहिलं: 'मुलीला भागाकार जमत नाही. सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी. चार्ज दिला.' खाली सही.

चारला उठून पाहिलं तर खाली त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'भागाकार झाला. हवा भरली. चार्ज घेतला.' सहीसुद्धा त्याचीच, शेपटासकट.

तो हसला. शेवटचा रकाना चार्ज परत दिल्याचा होता, तो कोरा होता. राहून गेलं असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तो कोराच होता. त्याच्या पुढच्या दिवशीही.

मग तो पाचला उठायला लागला. मग सहाला. उठायचं, तोंड धुवायचं आणि डबा घेऊन कामावर पळायचं. मुलीला काही विचारलं की ती कंटाळून म्हणायची, "मघाशी सांगितलं ना सगळं." हळूहळू तिने तेवढंही म्हणायचं सोडलं. बायको डबा हातात न देता दाराजवळच्या स्टुलावर ठेवायला लागली. तो मनातून हादरला. आपण घरात कमी होत चाललोय, असं त्याला वाटायला लागलं.

एका शुक्रवारी त्याने ठरवलं, आज दुपारी आपण स्वतः जागं राहायचं. बायकोसमोर त्याने गोळी तोंडात टाकली आणि खोलीत येऊन ती तळहातावर काढली. मूठ मिटून तो अंधारात पडून राहिला.

साडेबाराला दार वाजलं. दप्तर पडल्याचा आवाज आला. आता उठून बाहेर जायचं, या विचाराने त्याला उगाच हसू आलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. कोणीतरी खाकरलं.

"हात धुतलेस?"

आवाज त्याचा होता.

त्याने छातीवर हात ठेवून पाहिला. तो पलंगावर होता. मुठीत गोळी होती.

बाहेर बासरी सुरू झाली. नवी असावी. एक सूर चुकला आणि तिघं हसली. बायकोचं असं हसणं त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्याला खोकला आला. दाबला, तरी आला.

बासरी थांबली.

"रात्रपाळीवाला जागा झाला वाटतं," त्याचा आवाज म्हणाला. "हळू वाजव. त्याला झोप लागत नाही बिचाऱ्याला."

"त्याची गोळी नेऊन दे गं," बायको म्हणाली.

तो उठला. कडीवर हात ठेवला. एक झटका दिला असता तर दार उघडलं असतं. पण वहीत त्याची सही होती, रोजची. चार्ज त्याने दिलेला होता. हात कडीवरून आपोआप खाली आला. तो मागे सरून पलंगावर बसला.

दार वीतभर उघडलं. मुलगी चवड्यांवर आत आली. पाण्याचा पेला आणि बशी तिने उशाशी ठेवली. नजर वर केली नाही.

"काका, आवाज झाला का?" ती अगदी हळू म्हणाली. "आता नाही करणार."

दार तिने आवाज न करता ओढून घेतलं. तिला ते सवयीचं होतं.

बशीत एक गोळी होती. मुठीतली दुसरी घामाने ओली झाली होती. त्याने दोन्ही घेतल्या.