पस्तीस इंचांची बॅट

"तुझा काका चोर आहे!" रिना दुकानाच्या पायरीवरूनच ओरडली.

नवापूरच्या बाजारात भर सकाळी अशी घोषणा झाली, की समोरचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून ऐकायला उभे राहतात. तसे ते राहिले.

"आणि तुझे आजोबा खोटारडे!" जिनलने आतून परतफेड केली.

दिवाळीच्या सुट्टीतला हा रोजचा कार्यक्रम होता. दोघी एकाच वर्गात, शाळेच्या बेसबॉल संघातही दोघी. पण सुट्टी लागल्यापासून त्यांच्यात भांडणापलीकडे एक शब्द झाला नव्हता. कारण होतं केवलचंदकाकांच्या भांड्यांच्या दुकानात, डब्यांच्या उतरंडीशेजारी, काचेच्या पेटीत ठेवलेली बेसबॉलची जुनी अमेरिकन बॅट. खाली पाटी होती : 'अमेरिकन डॉक्टरांनी आमच्या वडिलांना सप्रेम भेट दिलेली बॅट.'

रिनाचं म्हणणं, बॅट तिच्या आजाची, चिंचपाड्याच्या दिवाल्याबाबांची. तिथल्या मिशन दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघात ते खेळायचे. गेल्या वर्षी काका 'पॉलिश करून देतो' म्हणून बॅट घेऊन गेले. बाबा परत मागायला आले, तेव्हा म्हणाले, "तुमची ती वेगळी. तिला वाळवी लागली."

केवलचंदकाकांच्या दुकानात वाळवी फक्त दुसऱ्यांच्या वस्तूंना लागायची.

आज मात्र प्रकरण टोकाला आलं होतं. जुन्या बॅटी जमवणारे तरुणभाई सुरतेहून आले होते आणि भिंगातून बॅट न्याहाळत होते. पसंत पडली की ती त्यांच्या गाडीत जाणार, मग दिवाल्याबाबांनी शोधत बसावं!

जिनलच्या हातात मोबाईल होता. रिनाचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून तिने बॅटवरच्या शिक्क्याचे फोटो अमेरिकेतल्या कारखान्याला पाठवले होते. कोणत्या खेळाडूला कोणती बॅट दिली, किती लांब, कोणत्या लाकडाची, याची जुनी कार्डं तिथे जपून ठेवलेली होती. सकाळी उत्तर आलं होतं. तोंड बंद होणार होतं, पण रिनाचं नव्हे.

"पुसून टाक ना!" काकांचा मुलगा मयंक कानात कुजबुजला. "पप्पा मारतील."

"मला?"

"मला! कोणी काहीही केलं तरी मलाच मारतात!"

जिनलने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा रिनाकडे. दोघंही तिच्याकडे सारख्याच रागाने पाहत होते. मग तिने मोठ्याने वाचलं, "खेळाडूचं नाव दिवाल्या. मुक्काम चिंचपाडा. मिशनच्या डॉक्टरांमार्फत मागणी, साल एकोणीसशे अठ्ठावन्न. अ‍ॅशचं लाकूड. लांबी पस्तीस इंच."

तरुणभाईंनी भिंग खाली ठेवलं. काका हसले. ते हसले की मयंक दोन पावलं मागे सरायचा.

"पस्तीस? मोजा! सगळ्यांसमोर मोजा!"

टेप लावला. चौतीस.

"पाहिलंत? ही ती नव्हेच!"

"शिक्का त्याच काळाचा वाटतो," तरुणभाई पुटपुटले. "चेंडूच्या टाक्यांचे वळ खरे आहेत, म्हणजे बॅट खेळलेली आहे. पण लांबी जुळत नाही, बेन."

"झालं समाधान? निघा आता! आणि जिनल, तू घरी चल, मग बघतो!"

रिनाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "मुद्दाम केलंस ना? त्यांना जिंकवायला?"

"गप्प बस!" जिनल खेकसली. ती बॅटच्या टोकाकडे बघत होती. बेसबॉलच्या बॅटचं टोक गोल असतं. हे पोळपाटासारखं सपाट होतं. आणि पेटीत बॅट अशी चपखल बसायची, की मुंगीलाही जागा नव्हती!

"मयंक, पेटी कोणी बनवली?"

"चुडामणदादाने. का?"

ती उत्तर न देता पळाली. रिना भांडण अर्धवट राहिलं म्हणून मागे धावली. मयंकही धावला, कारण पप्पांजवळ थांबणं जास्त धोक्याचं होतं.

मागच्या गल्लीत चुडामण सुतार रंधा मारत होता. जिनलने विचारलं आणि तो खुशीत आला.

"हा मंग, मीच बनाडी! शेठनी अंदाजे माप दिधं. काच कापी आनी, तं बॅट मावेच ना! मी म्हंतं नवी काच आना. शेठ म्हने, काच वाया जाई, लाकूड काप!"

"आणि तुकडा?" दोघी एकदमच ओरडल्या. सुट्टीत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"तो शे ना, मन्हा टेबलना पायखाले."

रिनाने टेबल उचललं, जिनलने तुकडा ओढला. ती परत आली तेव्हा तरुणभाई निघायच्या तयारीत होते. जिनलने कोणालाही न विचारता बॅट हिसकावली आणि तुकडा टोकाला लावला. लाकडातली रेघ न् रेघ जुळली. टोक गोल झालं. टेप पस्तीसवर थांबला. टेबल हलायला लागलं म्हणून चुडामणदादाही मागोमाग आला होता. त्याने न विचारता सगळं पुन्हा सांगितलं, समोरच्या दुकानदारांनाही ऐकू जाईल असं.

"शेठ, बॅट खरी आहे," तरुणभाई म्हणाले. "खोटं काय आहे, ते मी बोलत नाही. पण दुसऱ्याची वस्तू मी घेत नाही. बेन, तपास असा करतात. शाब्बास!"

"न्या ती!" काकांनी बॅट गल्ल्यावर आपटली. "चूल पेटवा तिने!"

दुपारी तिघं चिंचपाड्याला पोहोचली. ऐंशी ओलांडलेल्या दिवाल्याबाबांनी बॅट मांडीवर घेतली आणि कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"आजा, कापली त्यांनी!" रिना फणफणली.

"मी डॉक्टरला तेव्हाच सांगितलं होतं, लांब पडते म्हणून. त्याने ऐकलं नाही." मग त्यांनी जिनलकडे पाहिलं. "तू कोणाची?"

"केवलचंदांची पुतणी." आता शिव्या बसणार, म्हणून तिने मान खाली घातली.

रिनाने नाइलाजाने दुकानातला सगळा प्रकार सांगितला, तशी बाबांनी मान डोलावली. "घरच्या माणसाविरुद्ध खरं बोललीस. मोठ्यांनाही जमत नाही ते." काठी टाकून ते उठले आणि डावखुरे उभे राहिले. "टाक चेंडू. हळू टाकलास तर परत येऊ नको."

जिनलने जीव खाऊन टाकला.

खाड्! चेंडू मोहाच्या झाडावरून ओढ्याकडे गेला.

"बघत काय उभी राहिलीस?" रिनाने जिनलला ढकललं. "पळ चेंडूमागे! मीही येते, तुला वाट सापडायची नाही!"