वीस आकडे एका दमात

हॉस्पिटलच्या वॉर्डचं दार ढकलून ती आत आली, आणि एक अनोळखी माणूस बाबांच्या तोंडावरचा मास्क काढताना दिसला. काही न विचारता तिने त्याचं मनगटच धरलं.

"अहो, हे काय करताय?"

"थेरपिस्ट आहे मी. श्वासाच्या मशीनची सवय मोडतोय," तो शांतपणे म्हणाला. "आज अर्धा तास, उद्या एक तास... तेवढा हात सोडलात तर बरं होईल."

ती लाजेने लालबुंद झाली. बाबा मात्र आठवडाभरात पहिल्यांदाच हसले.

मग रोज दुपारी तो यायचा. मास्क काढला की बाबांनी खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात आकडे म्हणायचे. पहिल्या दिवशी कसेबसे सात झाले. मग दहा, मग चौदा. वीस झाले की घर! आकडे बाबा म्हणायचे, पण श्वास तिचाच अडकलेला असायचा. "तुम्हीपण सोडा की," तो हळूच म्हणायचा, आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची... तिथे नुसती भिंत होती.

मास्क आता फक्त झोपताना लागायचा, पण गाडी चौदावरच अडली. तीन दिवस झाले, तरी चौदा. चौथ्या दिवशी काळजीने ती जरा लवकर आली, तर काय — बाबा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना न थांबता झापत होते. बुद्धिबळात उंट लपवला म्हणून!

"बाबा! तुम्हाला दम लागत नाही?"

चोरी पकडली गेली होती. "वीस म्हटले की घरी पाठवणार," ते पुटपुटले. "मग हा पोरगा तुला कुठे भेटणार गं?"

तिला हसावं की रडावं कळेना. खरं सांगितलं तर बाबा घरी येणार होते, आणि त्याच्या दुपारच्या फेऱ्या संपणार होत्या. तो आला तेव्हा तिने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"कळलं होतं मला," तो म्हणाला. "बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र नाटक करत नाही. सकाळीच डॉक्टरांशी बोललो, संध्याकाळी घरी सोडतायत."

तिने झटकन मान वर केली. "आम्हाला घालवायला अगदी... टपून बसला होतात वाटतं?"

"हो." तो पहिल्यांदाच अडखळला. "ते माझे पेशंट असेपर्यंत मी काही बोलणं — बरं दिसलं नसतं. आता... म्हणजे तुमची हरकत नसेल तर... मी..."

"अरे, एका दमात सांग!" बाबा खाटेवरून गरजले.

त्याने खोल श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

शेवटी तिनेच त्याचं मनगट धरलं. "रविवारी घरी या. बाबांचे आकडे ऐकायला नाही, मला भेटायला. आवडता तुम्ही मला."

या वेळी हात सोडा असं काही तो म्हणाला नाही. मागे बाबांनी खुशीत एक, दोन, तीन सुरू केलं. ते एका दमात तेविसावर पोहोचले, तरी इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.