पथ्यातला चोर

"माझ्या सासूबाई माझ्या मुलीला चोरून पोळी खायला घालतात. मला पुरावा हवाय."

लंडनच्या हॅरो भागातल्या त्या छोट्या ऑफिसात सुलक्षणा अजून बसलीही नव्हती. खासगी तपासनीस शशी रणदिव्यांनी खुर्ची पुढे केली. त्यांचे मित्र, निवृत्त डॉक्टर मोहन, पेपर बाजूला ठेवून ऐकू लागले.

सुलक्षणा बसली, पण तिचा राग काही बसला नाही. नऊ वर्षांच्या शिल्पाला सिलिअ‍ॅक असल्याचं फेब्रुवारीत कळलं होतं. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की आतडी सुजायची. गहू बंद केला, पोरगी उन्हाळ्यापर्यंत छान सुधारली. ऑगस्टमध्ये पुण्याहून सासूबाई आल्या आणि पुन्हा जुलाब, पुन्हा खंगणं सुरू झालं.

"शाळेत काही खात असेल," डॉक्टर म्हणाले.

"हाफ-टर्मच्या सुट्टीत आठवडाभर घरी होती. तेव्हाही तेच!"

"मग सोपं आहे, शशी. आजीच."

रणदिव्यांनी विचारलं, "सासूबाई यायच्या आधी शिल्पा काय जेवायची?"

"मी हॉस्पिटलच्या वॉर्डवरून, ड्यूटी संपवून दमून यायचे. सालासकट भाजलेला जॅकेट पोटॅटो, उकडलेलं अंडं, तसलंच काहीतरी. आता सासूबाईंसाठी रोज वरण-भात, भाजी होते. शिल्पाची भांडी वेगळी, डाव वेगळा. हॉस्पिटलची यादी फ्रिजवर लावलीय. ब्रेड, बिस्किटं, सॉसेज, ग्रेव्ही, सगळं तपासते मी. मूर्ख नाहीये!"

शनिवारी दुपारी दोघे तिच्या घरी पोचले.

"चोर पकडायला आलात?" यमुनाबाईंनी दारातच विचारलं. "या. माझी बॅग सूनबाईंनी दोनदा उचकून झालीय, तुम्ही तिसऱ्यांदा उचका."

"बॅग नको. नवरात्र कसं झालं, तेवढं सांगा."

म्हातारी चमकली. "नऊ दिवस शिल्पानं माझ्याबरोबर उपास केला. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. सगळं माझ्या हातचं."

"आमटीला फोडणी?"

"तूप-जिऱ्याची. उपासाला हिंग-मोहरी चालते का?"

"आणि दसऱ्याला पुऱ्या तळल्यात, ते सांगा की!" सुलक्षणा मागून ओरडली. "दुसऱ्या दिवशी पोरीला उभं राहवत नव्हतं!"

"तिच्या ताटात पुरी नव्हती. ताट तू वाढलं होतंस."

जिन्याच्या पायरीवर शिल्पा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रणदिवे तिच्याशेजारी टेकले.

"माझा पोट दुखतो आणि सगळे मलाच ओरडतात," ती फणकारली. "मी काही खाल्ला नाही. आजीने पण दिला नाही. नो वन बिलीव्ज मी."

"नवरात्रात दुखत होतं?"

"नाही. मी शाळेत पी.ई. पण केला, धावले पण."

मग त्यांनी सुलक्षणाला रोजचा स्वयंपाक करायला सांगितला. ओठ आवळून तिनं कुकर लावला. शिल्पाच्या वेगळ्या डाळीत हिंग-हळद घातली. वेगळ्या कढईत तेल तापवून मोहरी, हिंग टाकून भाजी परतली. रणदिवे ओट्यावरच्या डब्या एकेक उचलून, चष्मा कपाळावर चढवून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं.

"आजी चोरून खायला घालत असत्या," ते म्हणाले, "तर सगळ्यात सोपे दिवस नवरात्राचे. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. नेमकी तेव्हाच पोरगी बरी होती. शाळाही नव्हे; हाफ-टर्मला ती घरीच होती."

"मग कोण?" डॉक्टर म्हणाले.

"कोण नाही, मोहन. काय ते विचार. आजी आल्यावर घरात बदललं काय? बटाटे-अंडी गेली, रोज वरण-भाजी आली. आणि वरण-भाजीत असतं, पण उपासाला चालत नाही, असं काय?"

"हळद, मोहरी..." डॉक्टर थबकले. "हिंग?"

रणदिव्यांनी हिंगाची डबी टेबलावर ठेवली. "निव्वळ हिंग फार उग्र असतो, म्हणून त्यात पीठ मिसळतात. मागचं बारीक अक्षर वाच. हळद आणि मोहरी मी पाहिली, त्यात काही नाही. दसऱ्याला हिंगाची फोडणी परत आली, म्हणून पुरी न खाताही पोरगी आजारी पडली."

डॉक्टरांनी वाचलं. त्यांचा आवाज उतरला. "डिंक. गव्हाचं पीठ. हिंग."

"हॉस्पिटलच्या यादीत इंग्रजांचं जेवण आहे. आपली फोडणी त्यांना कुठून माहीत असणार?"

सुलक्षणानं डबी हिसकावून घेतली. तीच ओळ तिनं दोनदा वाचली. तिसऱ्यांदा डोळे भरल्यामुळे अक्षरं दिसेनात. रोज दोन वेळा. तिच्याच हातानं, वेगळ्या डावानं, इतकं जपून. स्वयंपाकघरात जाऊन तिनं शिजलेली डाळ कुकरसकट सिंकमध्ये उपडी केली. डबी कचऱ्याच्या बिनमध्ये इतक्या जोरात आपटली की झाकण उडून सगळीकडे वास पसरला. किंचाळावंसं वाटत होतं, पण किंचाळायचं कुणावर?

ती मागोमाग आलेल्या सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, माझं चुकलं."

"चुकलंच," यमुनाबाई म्हणाल्या. "तीन महिने मी या घरात चोरासारखी जेवले. नातीला जवळ घेतलं तरी तू माझ्या मुठी बघायचीस. ते मी इतक्यात विसरणार नाही. उगाच विसरले म्हणणारही नाही."



म्हातारीनं पदर खोचला आणि बटाटे काढले.

"विळी नाही तुमच्याकडे. सुरी दे," त्या म्हणाल्या. "आणि उभी राहू नकोस. पोर उपाशी आहे."