मामांच्या कपाटातली दुर्बीण

लिफ्ट बंद पडली नसती, तर मी त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना औषधं तोलायचा जुना तराजू पोचवून जिन्याने उतरत होते, तर दार सताड उघडं... आणि आत काचेचं कपाट, कपाटात पितळ! जुनं, काळवंडलेलं, अस्सल पितळ. माझा धंदाच तो. डॉक्टरांची जुनी उपकरणं घासूनपुसून मी लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवते. पाय आपोआप आत वळले.

"मामा आता पेशंट तपासत नाहीत," स्टुलावरून आवाज आला. स्टुलावर एक तरुण उभा, हातात फडकं, केसांत जळमट.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "तुमच्या डोक्यावरचं जळमट इथून दिसतंय."

तो हसला. एकाच गालावर खळी पडली; दुसऱ्या गालाने बहुधा कंटाळा केला असावा. माझं काय व्हायचं ते तिथेच झालं.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. मामा डोळ्यांचे डॉक्टर. निवृत्त होऊन आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसायचे. दवाखान्याची खोली त्यांना कुंड्यांसाठी हवी होती, म्हणून भाचा आवराआवर करत होता. मामांनी आतूनच फर्मान काढलं, "सगळं विकत घे पोरी, ब्याद टळेल!"

शहाण्या माणसाने टेम्पो बोलावला असता. मी एकेक वस्तू पिशवीत घालून न्यायला लागले. एकदा पितळी सूक्ष्मदर्शक. मग छातीला लावून ऐकायची लाकडी नळी. मग डोळ्यात डोकावायचा इवलासा आरसा.

"अगं, टेम्पो लाव आणि मोकळी हो एकदाची," आई म्हणाली.

"जुन्या वस्तू नाजूक असतात गं."

"हो, वस्तूच ना?" असं म्हणून ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

एका संध्याकाळी त्याने चष्म्याचा नंबर तपासायची गोल फ्रेम डोळ्यांवर चढवली, तिच्यात दोन जाड भिंगं अडकवली आणि माझ्याकडे रोखून बघत बसला.

"कशी दिसते?"

"धूसर."

"मग काढा की ती."

त्याने काढली. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता.

"आता?"

"आता... काही सुचत नाही बोलायला."

"वर्गात कसं सुचतं हो, मास्तर?"

"वर्गात तुम्ही नसता—" तो म्हणाला, आणि भिंगं पुसण्यात गढून गेला. दिवसभर पुसलेलीच भिंगं!

पण कपाट रिकामं होत चाललं होतं. वरचा कप्पा संपला, मधला संपला. शेवटी डोळे धुवायची निळ्या काचेची वाटी तेवढी उरली. ती नेली की मी कोणत्या तोंडाने यायचं? आणि हा बाबा तर काही बोलेना!

ती वाटी न्यायला म्हणून गेले, तर शेजारी दुर्बीण. चांगली हातभर लांब.

"ही कुठून आली?"

"मामांचीच. मागे... पडली होती."

"मामांना दुर्बीण कशाला हो? पेशंट समोरच्या डोंगरावर बसायचे का?"

मी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मला हसू आवरेना. "हा बघा, फुलीच्या खाचेचा स्क्रू. मामांच्या एका तरी वस्तूला होता असा? ही परवा-तेरवा कारखान्यातून निघालीय, वर काळा रंग फासलाय. तुम्हाला टोपी घातली, मास्तर."

त्याचे कान लालबुंद झाले. "मीच आणली बाजारातून. कपाट रिकामं झालं असतं ना..."

"बरं, मग?"

"मग तुम्ही आला नसता."

आतला रेडिओ बंद झाला. "मी डोळ्यांचा डॉक्टर आहे रे, आंधळा नाही!" मामा ओरडले. "कधीचं सांगतोय, बोलून टाक तिच्याशी!"

त्याने मान खाली घातली. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधी?

"मास्तर, हे कपाट मी एका फेरीत नेलं असतं. टेम्पोवाला माझ्याच गल्लीत राहतो."

तो बघतच राहिला. "म्हणजे—"

"म्हणजे मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून." मी दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि निळी वाटी उचलून पिशवीत ठेवली. "हे घ्या, झालं रिकामं. उद्या माझं इथे काहीही काम नाही. तरी येऊ?"

"ये," तो म्हणाला. तुम्ही-बिम्ही सगळं विसरून. "लवकर ये."