माझ्या आधी पोचलेली

निवृत्तीनंतर घरात बसून भिंतींना पाढे शिकवण्यापेक्षा बरं, म्हणून मी परदेशातल्या त्या खेड्यात महिनाभर शिकवायला गेले. पगार नाही; राहणं-जेवण गावकऱ्यांकडे. हेडमास्तरांनी तक्ताच लावला होता. दर शनिवारी एक घर सोडायचं, दुसरं धरायचं. चार घरं झाली की परत.

परतायची मला घाई होती. माझी लेक पहिलटकरीण. तिला ना सासू, ना बाप. सगळी भिस्त माझ्यावर. तारखेच्या पंधरा दिवस आधी पोचते, असा शब्द देऊन निघाले होते. मोबाइलला तिथे रेंज नव्हती, शाळेतल्या फोनवरून आठवड्यातून एकदा बोलायचो.

पहिला आठवडा सुताराकडे मजेत गेला. दुसऱ्या शनिवारी वह्या तपासत बसले आणि पोस्टमनच्या घरी पोचायला तासभर उशीर झाला. त्याच्या बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. खुणा करून म्हणाली, मघाशीच तर आलात, वर गेलात, खाली कधी उतरलात? वरची खोली रिकामी होती. पलंगावरची गादी मात्र बसून दबलेली. म्हटलं, बाई विसराळू दिसतेय. बॅग उघडून कपडे लावले.

तिसरं घर नर्सचं. या वेळी शाळा सुटली तशी तडक निघाले, भर दुपारी. नर्स बॅगेकडे बघतच राहिली. सकाळीच येऊन जेवलात की माझ्यासोबत, म्हणाली. मोरीत दोन ताटं विसळून पालथी घातली होती.

खरं सांगते, तेव्हा मी हिशेब मांडला. आधी तासभर, आता अर्धा दिवस. ती जी कोण होती ती माझ्या पुढे होती, आणि अंतर वाढत चाललं होतं. कुणाला सांगणार? म्हातारीला चळ लागला म्हणाले असते.

रविवारी ताप भरला. नर्सने गोळ्या दिल्या, पेज पाजली, आठवडाभर अंथरुणातून उठू दिलं नाही. शनिवारी पाय लटपटत असतानाच शाळेत गेले, लेकीला फोन करायला.

मला बघून हेडमास्तरांच्या हातातला खडूचा डबा तसाच राहिला. हळूच म्हणाले, "बाई... तुम्ही तर सोमवारीच गेलात."

चौथ्या घरी तक्त्याच्या आधीच जाऊन एक रात्र राहिलात, लेकीला लवकर कळा सुरू होतील म्हणालात, मीच बसमध्ये बसवून दिलं, असं ते सांगत होते. शाळेच्या कपाटात ठेवलेला माझा पासपोर्टही नेला होता. नेल्याची वहीत सही होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. सही माझीच.

मी फोनकडे धावले. आकडे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा लेकीने उचलला. आवाज थकलेला, पण खुशीत होता.

"हॅलो... बाळा, मी बोलतेय," मी म्हटलं.

ती हसली. "आई, अगं आतल्या खोलीतून फोन काय करतेस? झोपला का तो?"

नातू झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या आनंदाची मला इतकी भीती वाटली.

"तो... कुणाकडे आहे?"

"तुझ्याकडेच ना. आल्यापासून खाली तरी ठेवलास का त्याला? मला धड हातात देत नाहीस."

"ऐक माझं. ऊठ. आत जा आणि त्याला आधी आपल्या हातात घे. काही विचारू नकोस... ऊठ."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ती उठली. फोन हातातच होता. टाके दुखत असणार. तिचं कण्हणं ऐकू आलं, पावलं ऐकू आली, मग दारावरची थाप. एक. पुन्हा एक.

मग ती अगदी हळू बोलली. मला की दाराला, कळलं नाही.

"आई... आतून कडी का लावलीस?"