पहिला वार कुणी करायचा

ज्या माणसाची मान सकाळी मी कोबी पिळून मोडली होती, तो दुपारी मंडईत माझ्यासमोर उभा होता. चांगला जिवंत... आणि माझ्याच हातातल्या कोबीकडे टक लावून बघत.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. जकार्ताच्या दक्षिण टोकाला, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. पिक्चरमधली मारामारी मुळात मुकीच असते. हाडं मोडल्याचा, पाय घसरल्याचा, गुद्दा बसल्याचा आवाज मागाहून भरावा लागतो, आणि तो मी भरते. हाडांना चवळीच्या लांब शेंगा, मानेला कोबी, पोटातल्या लाथेला ओला टॉवेल. म्हणून मी भाजी डोळ्यांनी निवडत नाही. कानाशी धरून दाबून बघते, एखादी शेंग मोडूनही बघते. भाजीवाली माझ्या नावाने बोटं मोडते ती वेगळीच.

"काय म्हणतोय कोबी?" त्याने विचारलं.

"म्हणतोय, तुमच्या मानेला मीच बरा." मी बोलून गेले, आणि मग जीभ चावली.

त्याचा हात आपोआप मानेकडे गेला. उंच नव्हता, देखणा म्हणावा तर तसाही नव्हता. पण उभा असा होता, की पायाखालची जमीन त्याने विकत घेतलीय. पडद्यावर कितीतरी दिवस बघत होते मी त्याला. बंदरावरच्या लवंगांच्या गोदामात, लाकडी जिन्यावर तो नायकाशी लढायचा आणि मान मोडून पोत्यांवर पडायचा. मी त्याला थांबवायची, मागे न्यायची, उभा करायची... आणि परत मारायची.

"म्हणजे तुम्हीच मारताय मला!" सगळं ऐकून तो म्हणाला. "एकदा येऊन बघू का? स्वतःचं मरण बघायला कुणाला मिळतं?"

"या. पण येताना कोबी घेऊन या. हा बरा नाहीये."

तो आला. दोन कोबी घेऊन. नाव आफ्रिझाल, गाव पश्चिम सुमात्राच्या डोंगरात, सोलोकच्या वर. लहानपणापासून सिलेक शिकलेला. म्हणजे तिकडची कुस्ती-लाठीसारखी, पण अंगाने वाऱ्यासारखी चालणारी विद्या. मी त्याला 'बांग' म्हणायला लागले, जकार्तात कुठल्याही तरुण माणसाला म्हणतात तसं. तो मला 'नेंग' म्हणायचा, कारण मी बांडुंगकडची, सुंदा लोकांतली, आणि आमच्याकडे मुलींना तशीच हाक मारतात. माझं रेंगानिस हे नाव सोडून तो 'नेंग' का म्हणतो, म्हणून आधी राग यायचा. नंतर त्याने कधी 'रेंगानिस' म्हटलं की चुकल्यासारखं वाटायचं.

त्याचा जिन्यावरचा मृत्यू आम्ही एकत्र बघितला. दिवे लागल्यावर त्याने विचारलं, "कसा वाटला पिक्चर? खरं सांग."

"खरं? मारामारी सुरू झाली की मला श्वास घ्यायचं भान राहत नाही, बांग. कॅमेरा काही लपवत नाही. खरी अंगं, खरा घाम. जिन्यावर तुम्ही गुडघ्यात वाकून वळता ना... तेवढ्यासाठी मी तिकीट काढेन."

"आणि?"

"आणि बाकी सगळं फुसकं."

तो एवढा मोठ्याने हसला, की पलीकडच्या खोलीतून आमचे साहेब, दार्सोनोकाका, डोकावून गेले.

"हसताय काय? नायक भावाच्या सुडासाठी गोदामभर माणसं मारतो आणि हात धुऊन मोकळा होतो. मेलेल्यांपैकी एकाच्याही घरी कुणी वाट बघत नाही. त्यांना काय आया नव्हत्या? आणि ती वहिनी! अख्ख्या पिक्चरमध्ये तिला दोनच कामं. रडणं आणि चहा ठेवणं."

"तो चहा तरी कुणी पितं का?"

"नाही ना! गार होतो बिचारा."

तो हसायचा थांबला. "मला एकच गोष्ट बोचते," तो म्हणाला. "त्यात मी आधी धावून जातो. दिग्दर्शकाला तसंच हवं होतं. सिलेकमध्ये पहिला वार कधी करत नाहीत. मामा शिकवायचे, शोधायला जायचं नाही आणि समोर आलं तर टाळायचं नाही."

"आणि समोर कुणी आलंच नाही तर?"

"तर... उभं राहायचं. वाट बघत."

हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी उगाचच शेंगा निवडायला घेतल्या. सगळ्या मोडक्या होत्या.

त्याची मावशी नुरबैती, त्यांच्या बोलीत 'एतेक', स्टुडिओच्या मागच्या रस्त्यावर खानावळ चालवायची. आम्ही तिथे जेवायला जायला लागलो. पातळ रश्श्यातला मासा, नारळाच्या दुधात आटवलेलं मांसाचं रेंदांग, फणसाची भाजी, सगळ्या बशा एकाच हातावर रचून ती आणायची. जेवण झालं की काचेच्या ग्लासात अंडं नि साखर चमच्याने फेसायची आणि वरून कडक गरम चहा ओतायची. किण-किण-किण... त्या चमच्याच्या आवाजाला एक लय होती. आफ्रिझालला यायला उशीर झाला, तरी ती त्याच्यासाठी ग्लास काढून अंडं फेसायला घ्यायची. आवाज ऐकला की मला कळायचं, तो आता येईलच.

माझं मन कधी जडलं, ते मला सांगता येणार नाही. एवढं कळत होतं, की रस्ता ओलांडताना तो बाजू बदलतो आणि गाड्यांच्या बाजूला स्वतः चालतो. आणि मला रस्ता संपू नये असं वाटतं. पण बोलायचा मात्र एक शब्द नाही! डोळे सगळं सांगायचे, तोंड म्हणायचं, "भात घे अजून."

एतेक मात्र दर वेळी एकच विचारायची. "तुझ्या घरी मोठं कोण गं?"

"आई. आमची आंबू."

"बरी असते ना? चालता-फिरता येतं ना तिला?"

"येतं की!"

"हं..." असं म्हणून ती बशा उचलायची. मला वाटायचं, किती काळजी या बाईला!

आणि घरी आंबू. मी तिला त्याच्याबद्दल सांगितलं होतं. दर रविवारी ती बाहेरच्या खोलीतला टेबलक्लॉथ बदलायची, भाताच्या कुरडया तळून डबा भरायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. संध्याकाळी त्या मऊ पडायच्या.

"काय गं, त्या मुलाला पाय आहेत ना?" ती विचारायची. "मग त्याच्या घरचे येत का नाहीत?"

मऊ पडलेल्या कुरडया मीच खायची. खरं सांगते, त्या वेळी मला फार एकटं वाटायचं. आपल्यालाच सगळं दिसतंय आणि समोरच्याच्या मनात काहीच नाही, ही भीती सारखी मनात असायची.

मग एके दिवशी, अंड्याचा चहा पिता पिता, तो म्हणाला, "नेंग... पिक्चर लागला की मी गावी जातोय. मामा थकलेत. आखाडा मी सांभाळावा म्हणतायत."

"कायमचे?"

"मागायला कुणी आलं, तर थांबेन."

"कोण येणार? दिग्दर्शक?" मी चिडून म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. एतेकने आमच्याकडे पाहिलं आणि चमचा ग्लासात तसाच ठेवून आत निघून गेली. मी उठले. त्याने थांबवलं नाही. घरापर्यंत मी एकटीच चालत गेले, गाड्यांच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मरणाचा आवाज शेवटचा बसवायचा होता. कोबी हातात घेतला, पिळला, मान मोडली. तो पोत्यांवर पडला. लवंगा उधळल्या. नायक पुढे निघून गेला... आणि पडद्यावर तो नुसता पडून राहिला. कुणाचा कुणी नसल्यासारखा. मला ते बघवेना.

मी खाली जाऊन एक अंडं आणलं. ग्लासात फोडलं, साखर घातली आणि माइकपासून जरा लांब उभी राहून चमचा फिरवला. किण-किण-किण...

दार्सोनोकाकांनी भुवया उंचावल्या. "गोदामात चहा कुठून आला?"

"शेजारच्या घरातून."

"कथेत शेजारी घर नाही, पोरी."

"त्याला तर असेल ना, काका? कुणीतरी फेसत असेल अंडं. तो येईल म्हणून."

काकांनी कानावरचे हेडफोन काढले, शर्टाला पुसले, परत घातले. "राहू दे," ते म्हणाले. "पण हळू ठेव."

पहिल्या खेळाला आम्हा कामगारांची रांग मागे होती. तो माझ्या शेजारी बसला. जागांच्या चिठ्ठ्याच तशा निघाल्या होत्या. थिएटर गच्च भरलेलं. प्रत्येक लाथेला शिट्ट्या, प्रत्येक हाडाला टाळ्या. माझ्या शेंगांना एवढी दाद कधी मिळाली नव्हती! वहिनीने चहा ठेवला तेव्हा लोक मक्याच्या लाह्या आणायला उठले. मग जिना आला. तो वाकला, वळला... मी श्वास धरला. मान मोडली. थिएटर ओरडलं. आणि त्या ओरड्याच्या खालून, अगदी हळू, किण-किण-किण...

पुढच्या रांगेतल्या एकाने शिट्टीसाठी तोंडात घातलेली बोटं काढून घेतली.

शेजारी आफ्रिझाल पुतळ्यासारखा बसला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. पडद्यावर पुढची मारामारी सुरू झाली, तरी तो तसाच होता.

बाहेर पायऱ्यांवर भुरभुर पाऊस होता. तो माझ्या मागे धावत आला.

"तो एतेकच्या चहाचा आवाज होता."

"हो."

"कोण वाट बघत होतं... माझी?"

"कोण म्हणजे?" माझा आवाज चिरकला. "मी! गाढवा, मी बघत होते! इतके महिने बघतेय. आणि तू एक शब्द बोलत नाहीस, घरी येत नाहीस, विचारत नाहीस..."

"मी विचारायचं?" तो खरोखरच गोंधळला. "मी कसा विचारणार, नेंग? ते तर तुमच्याकडून यायला हवं."

"काय यायला हवं?"

"मागणी. आमच्याकडे मुलीच्या घरची माणसं येतात, विडा घेऊन, मुलगा मागायला. मुलगा आपणहून दारात गेला तर मामाची मान खाली जाते. एतेक तुझ्या आईची वाट बघतेय. दर रविवारी दुपारी खानावळ बंद ठेवते ती."

मी पायरीवर मटकन बसले. "आमच्यात मुलाकडचे येतात! माझी आंबू दर रविवारी टेबलक्लॉथ बदलते! कुरडया तळते! आणि तुझी एतेक विचारते, तुझ्या आईला चालता येतं का..."

"मग?" तो हसू दाबत म्हणाला. "येतं ना?"

मी हसत होते, रडतही होते. एवढे दिवस दोन्ही घरं आपापल्या दाराकडे डोळे लावून बसली होती, आणि मधल्या रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"बांग... नाही. उदा," मी म्हटलं. त्याच्या मुलखातल्या बायका आपल्या माणसाला तशी हाक मारतात, हे मी एतेकला ऐकून शिकले होते. त्याचे कान लाल झाले. "समोर आलं तर टाळायचं नाही ना?"

"नाही... टाळायचं नाही."

"मग मी करते पहिला वार. रविवारी येतोय आम्ही. गावचं तिकीट फाडून टाक."

रविवारी आंबू ओढणीखाली विड्याची पानं घेऊन माझ्याबरोबर निघाली. रस्ताभर तिची टकळी चालू होती. "आपल्या सात पिढ्यांत मुलीकडचं कुणी असं गेलं नाही! लोक म्हणतील, मुलगी जड झाली. आणि डबा नीट धर, कुरडया मोडतील!"

खानावळीच्या काचेवर 'बंद' अशी पाटी होती. दार मात्र उघडं होतं. एतेक नवी ओढणी घेऊन बसली होती. तिच्यामागे आफ्रिझाल, इस्त्रीच्या शर्टात, हात कुठे ठेवावेत ते न कळून बशा पुसत होता. आंबूने पानं पुढे ठेवली, घसा खाकरला, आणि तिला जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाली, "आमच्या मुलीसाठी... तुमचा मुलगा मागायला आलोय."

एतेकने आंबूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विशेषतः पायांकडे.

"चालता येतं की तुम्हाला चांगलं!" ती म्हणाली. "बसा. याच्या मामांना फोन लावते. पण आधी चहा."

तिने ग्लास मांडले आणि अंडं फोडलं. आफ्रिझाल बशी खाली ठेवून माझ्याकडे बघत होता, आणि या वेळी मी नजर वळवली नाही. चमचा वाजायला लागला. त्या आवाजात माझं काही काम नव्हतं. मी नुसती बसून ऐकत होते.