तीनदा थांबलेली गाडी

दुपारी दार वाजलं तेव्हा वहिनी सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून बसल्या होत्या. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांची वीस वर्षं गेली, आणि आता लोक खासगी तपासासाठी घरी येत. दार भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या दिरांनी, उघडलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींचे मदतनीस होते. बहुतेक वेळा मदत म्हणजे पिशवी धरणं.

आलेली बाई खुर्चीच्या कडेवर टेकली.

"माझा नवरा रुग्णवाहिका चालवतो. चालवायचा. मोठ्या इस्पितळाच्या लांबच्या रस्त्यावर गाडी महिन्याभरात तीनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी आतले म्हातारे गृहस्थ गेले."

"बिघाड काय निघाला?"

"काहीच नाही! मिस्त्री पोचला तर टाकी अर्धी भरलेली, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. म्हणून सगळे म्हणतात, ह्यांनीच झोप काढायला थांबवली. आठ दिवस झाले घरी बसवून. भिंतीकडे तोंड करून पडून असतात." तिने एक छोटी चावी पुढे केली. "ही टाकीच्या झाकणाची, ह्यांच्या खिशातच राहिली. शेडमध्ये परत द्यायला जायचं मला तोंड नाही."

"मी देते," म्हणत वहिनींनी पाय पुसले.

शेडमध्ये जुनी रुग्णवाहिका धूळ खात उभी होती. दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर तिला टेकून उभा होता.

"माझ्या हातात कधी बंद पडली नाही," तो म्हणाला. "मी गावातल्या गावात फिरवतो. डिझेलही मी भरत नाही, ते त्याचं काम. आधी वासानं डोकं उठायचं. महिनाभर तोही नाही."

"ह्याला दिवसपाळी हवी असेल," भाऊजी कुजबुजले.

भांडारवाला खिडकीतूनच वैतागला. "टाकीचं झाकण गळतंय म्हणून मिस्त्रीनं तीनदा मागणी केली. वरून मंजुरीच आली नाही. मी काय घरून आणू?"

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. केस पिकलेले, डोळे लाल.

"तीनही वेळा मीच गेलो. आधी झाकण उघडून डिझेल बघितलं, मग चावी फिरवली. लगेच चालू. गाडीत खोट नाही, बाई."

"झाकण बदललंत का कधी?"

"नाही हो. पहिल्या दिवसापासूनचं आहे. गाडीही आठ दिवस माझ्याच कुलपात आहे, कुणी हात लावलेला नाही."

वहिनींनी बाईने दिलेली चावी झाकणात घातली. ती फिरेना.

"गंजलं असेल," भाऊजी म्हणाले.

मिस्त्रीने आपल्या जुडग्यातल्या चावीने झाकण उघडलं. वहिनींनी आतल्या रबरी चकतीवरून बोट फिरवलं. मऊ, गुळगुळीत. मग त्या टायरच्या ढिगावर बसल्या आणि तिघांनाही जवळ बोलावलं.

"उभं राहून बोलायचं त्राण नाही, म्हणून बसून सांगते. बाटली चोखत राहिलं, आत हवा जाऊ दिली नाही, तर शेवटी पाणी यायचं थांबतं. ह्या जुन्या गाडीची टाकी झाकणातल्या बारीक भोकातून हवा घेते. भोक नसलेलं झाकण बसवलं, तर लांबच्या रस्त्यावर डिझेल इंजिनापर्यंत पोचेनासं होतं. झाकण उघडलं की हवा आत, गाडी चालू. म्हणून गावात कधी अडली नाही, आणि मिस्त्री पोचला की बिघाड गायब."

"पण झाकण तर जुनंच..." भाऊजी म्हणाले.

"गळणाऱ्या झाकणाचा वास महिन्यापूर्वी आपोआप थांबला? भांडारातून तर काही आलं नाही. म्हणजे दुसरं कुठून तरी आलं, आणि ते ह्या चावीने उघडत होतं. पण आज चावी लागत नाही, आणि जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या झाकणाच्या रबरावर टाकीच्या तोंडाचा वळसुद्धा उमटलेला नाही. ड्रायव्हर घरी बसल्यावर कुणीतरी ते पुन्हा बदललं. कुलूप कुणाचं होतं, मिस्त्री?"

मिस्त्रीने हातातलं जुडगं खाली ठेवलं.

"भंगारातल्या गाडीचं बसवलं होतं मी. गळती तरी थांबेल म्हणून. त्याची चावी ड्रायव्हरला दिली, पण कुठलं झाकण ते सांगितलं नाही. आटे बरोबर बसले, भोक बघायचं राहिलं. तिसऱ्या वेळी उघडताना फुस्स आवाज आला, तेव्हा उमगलं. दुसऱ्या दिवशी पदरचं नवं आणून लावलं. बोलायला जीभ रेटली नाही. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत माझे."

"त्याचे किती राहिलेत, ते विचारलंत?"

मिस्त्रीने कागद मागितला आणि सगळं लिहून दिलं.

संध्याकाळी आपल्या घरी ड्रायव्हरने तो कागद दोनदा वाचला.

"म्हणजे मी रस्त्यावर ते झाकण नुसतं उघडलं असतं, तरी गाडी चालू झाली असती?"

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. त्या खोटं बोलल्या तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"झाली असती," वहिनी म्हणाल्या. "पण ज्याला हे कळायला हवं होतं, त्यालाही तेव्हा कळलं नव्हतं."

ड्रायव्हर उठला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"त्या गेलेल्या गृहस्थांच्या घरी. त्यांच्या मुलाला अजून वाटतंय, मी झोपलो होतो."

तिने चपला पायात सरकवल्या आणि त्याच्यासोबत निघाली.